चौथ्या क्रमांकाचा पोरगा आणि 885 यार्ड : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधला मार्विन हॅरिसन ज्युनियर, त्याच खेळातल्या नामांकित मार्विन हॅरिसनचा मुलगा. त्याच्या पहिल्या सीझनबद्दल मी जे लिहिलं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: 2024 च्या ड्राफ्टमध्ये (कॉलेजातले खेळाडू संघ पाळीपाळीनं निवडतात तो कार्यक्रम) अ‍ॅरिझोना कार्डिनल्सनं ज्याला चौथ्या क्रमांकावर उचललं, त्यानं 17 सामन्यांत 62 झेल, त्यांतून पुढे सरकलेले 885 यार्ड आणि 8 टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार नेणं) एवढंच करावं, हे अपयशच. तुमच्या न्यूयॉर्क जायंट्सच्या मलिक नेबर्सनंही पहिल्याच वर्षी दोन सामने कमी खेळून 109 झेल आणि 1,204 यार्ड केले. तेविसाव्या क्रमांकावर गेलेल्या ब्रायन थॉमस ज्युनियरनं जॅक्सनविलकडून 1,282 यार्ड काढले. आणि शेवटी, "आडनाव हॅरिसन नसतं तर तुम्ही एवढी पाठराखण केली असती का? बापाच्या नखाची सर नाही याला."

आकडे सगळे बरोबर आहेत. नेबर्सचं कौतुक तुम्ही न्यू जर्सीत राहून कराल तेवढं मी इथे चँडलरमध्ये बसूनही करतो. पण ते आकडे शेजारी शेजारी मांडून जो निकाल तुम्ही लावलात, तो मला पटत नाही. का, ते सविस्तर लिहितो.

हॅरिसन वाइड रिसीव्हर, म्हणजे पुढे पळत जाऊन फेकलेला चेंडू झेलणारा. तो स्वतःहून काही मिळवू शकत नाही. बॅट्समनला चेंडू खेळायला मिळतोच, रिसीव्हरला तो कुणीतरी द्यावा लागतो. नेबर्सच्या दिशेनं सीझनभरात 170 चेंडू टाकले गेले, हॅरिसनच्या दिशेनं 116. मग दर चेंडूमागे किती यार्ड पडले, ते करून बघा. नेबर्स 7.1, हॅरिसन 7.6. जायंट्सकडे दुसरा कुणी नव्हता म्हणून सगळं ओझं नेबर्सवर आलं, आणि ते त्यानं पेललं, हे मोठंच. पण कार्डिनल्सकडे ट्रे मॅकब्राइड नावाचा टाइट एंड (समोरच्यांना अडवणारा आणि झेलही घेणारा खेळाडू) आहे. त्यानं त्याच सीझनमध्ये 111 झेल घेतले. चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक कायलर मरी अडचणीत आला की त्याची नजर आधी मॅकब्राइडकडे जायची, हे रविवारी टीव्हीसमोर बसणाऱ्या कुणालाही दिसत होतं. मैदानाचा मधला भाग मॅकब्राइडचा, आणि हॅरिसनच्या वाट्याला बहुतेक वेळा कडेनं सरळ लांब पळण्याचे रूट (पळण्याचे ठरलेले मार्ग). तसे चेंडू कमी वेळा हाती लागतात, लागले तर यार्ड भरपूर मिळतात. 62 झेलांना 885 यार्ड म्हणजे झेलामागे चौदाच्या वर. हा आकडा त्या आखणीतून आलेला आहे.

पहिलाच सामना आठवा, बफेलोचा. एक झेल, 4 यार्ड. दुसऱ्या दिवशी सगळीकडे त्याच्या नावानं शिमगा. पण सामन्याच्या शेवटच्या टप्प्यात तो खोलवर मोकळा पळत होता आणि मरीची नजर तिकडे गेलीच नाही. स्कोअरकार्डात त्या पळण्याचं काही उमटत नाही.

पुढच्या रविवारी, 15 सप्टेंबरला, आम्ही ग्लेनडेलच्या स्टेडियममध्ये होतो. घरी गणपती बसलेले, सकाळची आरती उरकून निघालो. रॅम्सविरुद्ध पहिल्या क्वार्टरमध्येच त्यानं 4 झेल, 130 यार्ड आणि दोन टचडाउन केले. त्यातला 60 यार्डांचा टचडाउन मी विसरणार नाही. मरी अंगावर आलेल्यांना चुकवत पॉकेटमधून (सहकाऱ्यांनी त्याच्याभोवती केलेल्या कड्यातून) निसटला, ठरलेला खेळ मोडला. अशा वेळी नवखा पोरगा बहुतेकदा गोंधळून जागीच थांबतो. यानं मागे वळून पाहिलं, बचावपटू मरीकडे बघतोय हे हेरलं आणि त्याच्या पाठीमागच्या रिकाम्या जागेत शिरला. ही समज कॉलेजातून आल्या आल्या सगळ्यांना नसते.

आता बापाच्या नखाबद्दल. मार्विन हॅरिसन सीनियरचा पहिला सीझन 1996 चा, इंडियानापोलिस कोल्ट्सकडून. 64 झेल, 836 यार्ड, 8 टचडाउन. मुलाचे 62, 885 आणि 8. बापाला पहिल्या तीन वर्षांत एकदाही हजार यार्ड गाठता आले नव्हते. 1998 मध्ये पेटन मॅनिंग हा क्वार्टरबॅक आला, दोघांची जोडी जमली आणि 1999 मध्ये त्याच माणसानं 1,663 यार्ड काढले. 2016 ला हॉल ऑफ फेममध्ये गेला. तुमच्या मापानं 1996 च्या शेवटी त्याच्यावरही अपयशाचा शिक्का बसला असता.

याहून बोलकं उदाहरण 2004 चं आहे, आणि ते याच संघाचं. त्या वर्षी कार्डिनल्सनं तिसऱ्या क्रमांकावर लॅरी फिट्झजेराल्डला घेतलं. पहिल्या वर्षी 58 झेल, 780 यार्ड, 8 टचडाउन. त्याच ड्राफ्टमध्ये पंधराव्या क्रमांकावर टॅम्पा बेला गेलेल्या मायकल क्लेटननं 80 झेल आणि 1,193 यार्ड केले. त्या हिवाळ्यात कुणीही म्हटलं असतं की कार्डिनल्सनं चुकीचा माणूस निवडला. क्लेटनला पुढे एकाही सीझनमध्ये 500 यार्ड जमले नाहीत. फिट्झजेराल्डनं दुसऱ्याच वर्षी 1,409 केले, आणि तो निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर 17,492 यार्ड होते. त्याच्या पुढे फक्त जेरी राइस.

याचा अर्थ हॅरिसन दुसरा फिट्झजेराल्ड होईल असा नाही. पहिल्या वर्षाच्या बेरजेवरून यश की अपयश, दोन्हीपैकी काहीच ठरत नाही, एवढंच मला म्हणायचंय.

तुमचं जे खरं आहे तेही मान्य करतो. थॉमस आणि चार्जर्सचा लॅड मकॉन्की यांनी दर चेंडूमागेही हॅरिसनला मागे टाकलं. मकॉन्कीचे तर दहाच्या वर यार्ड पडतात. तिथे "चेंडूच कमी मिळाले" ही सबब चालत नाही. 116 पैकी 62 झेल, म्हणजे जेमतेम 53 टक्के, आणि त्याचं सगळं खापर मरीवर फोडता येणार नाही. कॉर्नर (रिसीव्हरला अडवणारा बचावपटू) अंगाला भिडून उभा राहिला की पहिल्या दोन पावलांत हॅरिसनला सुटता येत नव्हतं. हवेतल्या चेंडूसाठी दोघं उडाले की उंची याची जास्त असूनही चेंडू अनेकदा दुसऱ्याचा हात लागून खाली पडला. चेंडू आपल्याकडे येईल म्हणून तो थांबायचा, तिथे पुढे होऊन ओढून घ्यायला हवा होता. ही त्याची स्वतःची उणीव, आणि तुमच्या प्रतिक्रियेत तिचा उल्लेख असता तर मी लगेच मान डोलावली असती.

तेव्हा माझं मत असं: सीझन मध्यम, चौथ्या क्रमांकाच्या मानानं कमी. अपयश नव्हे.

आडनावाचा मुद्दा मात्र मनाला लागला, कारण तो बरोबर आहे. मूळ लेखात मी "रक्तातच आहे" असं एक वाक्य लिहिलं होतं. बाप मोठा म्हणून पोरावर भरवसा ठेवायचा, तर बाप मोठा म्हणून पोराला झोडपणाऱ्यांना मी कोणत्या तोंडानं अडवणार? ते वाक्य काढून टाकलंय, आणि तुमच्यामुळे काढलं असं खाली लिहिलंय.

सप्टेंबरमध्ये मी दोनच गोष्टी बघणार आहे. कॉर्नर छातीला छाती लावून उभा असताना त्याची पहिली दोन पावलं, आणि मधल्या भागात आत वळणारे रूट त्याला किती मिळतात ते. तुम्हीही बघा, आणि वेगळं काही दिसलं तर जरूर कळवा.