खाली उतरून सुलतान हसनही पाहा
कैरोवरच्या तुमच्या लेखात तिथल्या किल्ल्याचं वर्णन इजिप्तचा शासक मोहम्मद अली याच्या मशिदीपाशीच संपलं, ते जरा खटकलं. ती मशीद १९व्या शतकातली, इस्तंबूलच्या धर्तीची. किल्ला मात्र सुलतान सलाहुद्दीनने ११७६ मध्ये बांधायला घेतलेला. आवारातच सुलतान अल-नासिर मुहम्मदची १३१८ची मशीद आहे, तिकडे फारसं कुणी फिरकत नाही. आणि खाली उतरून सुलतान हसनची मशीद-मदरसा बघाच. इतकी उंच आणि दणकट, की ममलुक (मूळच्या गुलाम-सैनिकांची राजवट) काळातले बंडखोर तिच्या गच्चीवरून थेट किल्ल्यावर मारा करायचे! शेवटी वैतागून सुलतान बर्कूकने वर जाणारे जिनेच तोडून टाकले. मशिदीच्या आतल्या त्या शांत चौकात बसल्यावर हे खरं वाटत नाही. सकाळी लवकर जा. खांदे-गुडघे झाकणारे कपडे हवेत.