बाळांचा वजनकाटा एनएचएसच्या आधीपासून होता

‘5 जुलै 1948 ला एनएचएस सुरू झाली आणि ब्रिटनमधल्या मुलांना पहिल्यांदाच आरोग्यसेवा मिळाली. नगरपालिकांकडून कारभार काढून लंडनने स्वतःकडे घेतला, म्हणूनच हे जमलं. मुलांच्या मनाचा विचार तर फार नंतर सुरू झाला.’ अशी एक पोस्ट सध्या ग्रुपाग्रुपांवर फिरते आहे. एनएचएस म्हणजे ब्रिटनची सरकारी, मोफत आरोग्यसेवा. पोस्टमधली तारीख तेवढी बरोबर आहे.

आधी ‘पहिल्यांदाच’चं बघू. हडर्सफील्ड हे कापड गिरण्यांचं गाव. तिथले महापौर बेंजामिन ब्रॉडबेंट यांनी 1904 मध्ये जाहीर केलं, की आपल्या कारकिर्दीत लाँगवूड भागात जन्मणारं जे बाळ वर्षाचं होईल, त्याला एक पौंड. पौंडाचा गाजावाजा झाला; खरं काम घरोघरी जाऊन आयांशी बोलणाऱ्या बायकांचं होतं. पण बाळ जन्मल्याचं कळलंच नाही तर त्या जाणार कुणाकडे? म्हणून 1906 मध्ये या नगरपालिकेने पार्लमेंटकडून स्वतःपुरता कायदा करून घेतला: जन्माची खबर 48 तासांत द्यायची. पुढच्याच वर्षी देशाने त्याची री ओढली, 1915 मध्ये सक्ती केली. शाळकरी मुलांची तपासणीही 1907 चीच, आणि माता-बाल केंद्रांचा कायदा 1918 चा. शतकाच्या सुरुवातीला इंग्लंड-वेल्समध्ये हजारी सुमारे 150 बाळं वर्षाच्या आत दगावत. 1948 मध्ये सुमारे 34. याचं सगळं श्रेय केंद्रांना देता येणार नाही, बऱ्या घरांचा आणि स्वच्छ दुधाचाही त्यात वाटा आहे. पण ही घट एनएचएसच्या आधीची आहे, एवढं तर दिसतंच.

‘लंडनने घेतला’, म्हणजे केंद्र सरकारने घेतला, हे रुग्णालयांपुरतं खरं. बालकेंद्रं, हेल्थ व्हिजिटर (घरी जाऊन आईला सल्ला देणाऱ्या परिचारिका), लसीकरण, घरी येणाऱ्या सुइणी हे सगळं एनएचएसच्याच 1946 च्या कायद्याने काउंटी (म्हणजे जिल्हे) आणि मोठ्या शहरांच्या कौन्सिलकडेच ठेवलं, तेही थेट 1974 पर्यंत. शाळांची आरोग्यसेवा शिक्षण समितीच्या हाताखाली. कित्येक ठिकाणी गावचा आरोग्य अधिकारीच शाळांचाही मुख्य डॉक्टर असे. चर्चच्या हॉलमध्ये आठवड्यातून एखादी दुपार केंद्र भरायचं. बाहेर बाबागाड्यांची रांग, आत काट्याच्या पाळण्यात उघडं बाळ, आईच्या हातात वजनाचं कार्ड, आणि एका टेबलावर सरकारी दूध पावडरचे डबे, संत्र्याच्या रसाच्या आणि कॉडलिव्हर तेलाच्या बाटल्या. हे चालवायला लंडनहून कुणी येत नव्हतं.

राहिला मनाचा मुद्दा. लंडन काउंटी कौन्सिलने 1913 मध्येच सिरिल बर्ट यांना मानसशास्त्रज्ञ म्हणून नेमलं होतं. 1927 मध्ये पूर्व लंडनमध्ये मानसोपचारतज्ज्ञ इमॅन्युएल मिलर यांचं चाइल्ड गायडन्स क्लिनिक, म्हणजे मुलांच्या मनाच्या आणि वागण्याच्या अडचणींसाठीचं केंद्र, निघालं, 1932 मध्ये बर्मिंगहॅमच्या शिक्षण समितीने स्वतःचं काढलं. युद्धात शहरांतली मुलं खेड्यांत पाठवली, तिथे अंथरुण ओलं करणाऱ्या पाहुण्यांच्या तक्रारी आल्या, आणि या क्लिनिकांची गरज लोकांना जास्तच पटली. उलट 1948 नंतर इथे नवा गोंधळ झाला. मानसोपचारतज्ज्ञाचा पगार रुग्णालय मंडळाकडून, मानसशास्त्रज्ञाचा कौन्सिलकडून. मूल एक, मालक दोन. सगळीकडे नीट क्लिनिकं हवीत, हे या प्रश्नावर नेमलेल्या सरकारी अंडरवूड समितीला 1955 मध्येही सांगावं लागलं.

पोस्ट लिहिणाऱ्याने खरा मुद्दा मात्र सोडूनच दिला. बाळांच्या या केंद्रांत सल्ला मिळे, आजाराचा उपचार सहसा नसे. आपले पेशंट पळतील म्हणून खासगी डॉक्टरांची कुरकुर असायची. 1911 च्या सरकारी आरोग्य विम्यात कामगाराला डॉक्टर मिळे, त्याच्या बायकोमुलांना नाही. ‘छाती भरली आहे, डॉक्टरांना दाखवा’ असं नर्सने सांगितलं की आई घरी जाऊन पर्समधले शिलिंग मोजायची. 5 जुलैला ती फी गेली.