उत्तर लवकर द्यावे, दोन्ही बाजूंनी

अमेरिकेत अर्थशास्त्राच्या पीएचडीसाठी अर्ज करून निकालाची वाट पाहणाऱ्या अनेकांचे निरोप गेल्या काही दिवसांत मला आले. प्रश्न बहुतेकांचा एकच आहे. मार्च संपत आला, विद्यापीठाच्या अर्जाच्या पोर्टलवर अजूनही ‘अर्ज विचाराधीन’ एवढेच दिसते, तर यातून काय समजायचे? ज्या विभागाने फेब्रुवारीच्या अखेरीस प्रवेशाच्या पहिल्या ऑफर पाठवल्या आणि तुम्हाला काहीच कळवले नाही, त्या विभागाने तुमच्या अर्जाबाबतचा निर्णय बहुधा केव्हाच घेतलेला असतो. फक्त तो कळवायचा राहिलेला असतो. आणि नेमक्या याच गोष्टीला माझा आक्षेप आहे.

अमेरिकी विद्यापीठांचे वेळापत्रक वर्षानुवर्षे फारसे बदललेले नाही. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात बहुतेक अर्जांची मुदत संपते, जानेवारीत समितीतले प्राध्यापक अर्ज वाचतात, फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत ऑफर जातात, मार्चमध्ये निवडलेल्यांना विभाग पाहायला बोलावतात आणि १५ एप्रिलला, म्हणजे ऑफरला उत्तर देण्याच्या शेवटच्या तारखेला, सगळे थांबते. नावाजलेल्या विभागाकडे शेकडो अर्ज येतात आणि नव्या तुकडीत जेमतेम वीस-पंचवीस जण असतात. याचा अर्थ, पहिल्या चाळणीतच ज्यांचे अर्ज बाजूला पडले त्यांची संख्या फार मोठी असते आणि त्यांच्याबाबत फेरविचार होण्याची शक्यता जवळजवळ नसते. या सर्वांना फेब्रुवारीतच स्पष्ट नकार कळवणे शक्य असते. काही विभाग तसे करतातही आणि त्यांच्याविषयी माझ्या मनात आदर आहे. इतर विभाग मात्र सर्वांची पत्रे एकगठ्ठा मार्चच्या शेवटी किंवा एप्रिलमध्ये पाठवतात. प्रत्येक अर्जामागे शंभर डॉलरच्या आसपास शुल्क भरलेल्या, तीन-तीन प्राध्यापकांकडून शिफारसपत्रे मिळवलेल्या माणसाला दोन ओळींचे उत्तर वेळेवर मिळावे, ही मागणी मला अवाजवी वाटत नाही.

वाट पाहणे म्हणजे नेमके काय, हे ज्यांनी अनुभवले नाही त्यांच्यासाठी एकच प्रसंग सांगते. मी पहिल्यांदा अर्ज केले त्या वर्षी मार्चच्या एका रात्री ई-मेल आला: ‘आपल्या अर्जाच्या स्थितीत बदल झाला आहे, कृपया पोर्टल पाहावे.’ त्या मेलमध्ये निकाल नव्हता. अकरा विद्यापीठांची अकरा पोर्टले आणि अकरा पासवर्ड होते. घाईत दोनदा चुकीचा पासवर्ड टाकला गेला आणि खाते काही वेळासाठी बंद झाले. ते पुन्हा उघडेपर्यंत मी खुर्चीवरून उठलेसुद्धा नाही. पत्र उघडले तर पहिल्या परिच्छेदात अभिनंदन होते. त्याखाली मात्र एकच वाक्य होते: आर्थिक सहाय्याबाबत स्वतंत्रपणे कळवण्यात येईल. ते ‘स्वतंत्रपणे’ पुढे पाच आठवडे लांबले आणि शेवटी उत्तर आले, की या वर्षी निधी उपलब्ध नाही.

म्हणून फंडिंगबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण या वाटेवर सर्वाधिक फसगत तिथेच होते. अर्थशास्त्राच्या पीएचडीत प्रवेश म्हणजे सर्वसाधारणपणे शिक्षणशुल्काची माफी, आरोग्यविमा आणि दरमहा स्टायपेंड (निर्वाहभत्ता), असे तिन्ही मिळून एकच पॅकेज असते; पहिल्या वर्षी पुष्कळदा फेलोशिप आणि पुढे टीए (अध्यापन साहाय्यक) किंवा संशोधन साहाय्यक म्हणून काम. जिथे विभाग प्रवेश देतो पण पैसे देत नाही, तिथे तो प्रत्यक्षात सांगत असतो की त्याची निवड अजून पक्की नाही. ‘पहिले वर्ष स्वतःच्या पैशांनी काढा, निकाल चांगला लागला तर दुसऱ्या वर्षापासून पाहू’ हा प्रस्ताव मी नाकारला आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला मी तसाच सल्ला देते. पहिल्या वर्षी मायक्रो, मॅक्रो आणि इकॉनॉमेट्रिक्सचे मूळ अभ्यासक्रम असतात आणि त्यांवर पात्रता परीक्षा असते; डोक्यावर कर्ज घेऊन ती परीक्षा देणाऱ्याची आणि निर्धास्त मनाने देणाऱ्याची स्थिती सारखी नसते. पत्र हाती आल्यावर तीन गोष्टी मात्र नि:संकोच विचाराव्यात: स्टायपेंड नऊ महिन्यांचा आहे की बारा महिन्यांचा, किती वर्षांची हमी आहे आणि ही हमी कोणत्या अटीवर टिकते. हे विचारल्यामुळे कोणाची ऑफर गेल्याचे मी कधी ऐकलेले नाही.

आता वेटलिस्ट, म्हणजे प्रतीक्षायादी. विभाग जागांपेक्षा जास्त ऑफर देतात, कारण काही जण दुसरीकडे जाणार हे त्यांना ठाऊक असते. नेमके किती जाणार हे मात्र ठाऊक नसते. त्यामुळे प्रतीक्षायादी हलत नाही. वरच्या विभागाकडून उत्तर येईल या आशेवर एक जण दोन ऑफर धरून बसतो, त्याच्या दुसऱ्या ऑफरवर दुसऱ्या कोणाची जागा अडते आणि त्या दुसऱ्याच्या हातातल्या ऑफरवर तिसऱ्याची. ही साखळी अर्थशास्त्राला अनोळखी नाही. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी १९६२ साली जुळणीच्या, म्हणजे कोणाची गाठ कोणाशी घालायची या प्रश्नावर लिहिलेल्या लहानशा लेखाची सुरुवातच मुळी महाविद्यालयीन प्रवेशाच्या या अडचणीपासून होते: अर्जदाराने आणखी कुठे अर्ज केला आहे आणि त्याची पसंती काय आहे, हे महाविद्यालयाला माहीत नसते आणि प्रतीक्षायादीमुळे अर्जदारापुढे नवा पेच उभा राहतो. पुढे अर्थशास्त्रज्ञ अल्व्हिन रॉथ यांनी शियाओलिन शिंग यांच्यासह चिकित्सा मानसशास्त्रातील इंटर्नशिपच्या जागांचा अभ्यास केला. तिथे सगळ्या ऑफर एकाच दिवशी मोजक्या तासांत फोनवरून दिल्या जात आणि वेळ अपुरी पडत असल्याने ‘ऑफर दिली तर लगेच हो म्हणाल का’ असे आधीच विचारले जाई. १४ एप्रिलच्या दुपारी ज्याला वेटलिस्टवरून मेल आला आहे, त्याला हे वर्णन ओळखीचे वाटेल. रॉथ आणि शॅप्ली यांना २०१२ साली अर्थशास्त्राचे नोबेल याच विषयासाठी मिळाले. पीएचडी संपवून नोकरी शोधणाऱ्यांसाठी अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशन या अर्थशास्त्रज्ञांच्या संघटनेने २००६ च्या सुमारास आपली पसंती विभागांना कळवण्याची आणि उरलेल्या उमेदवारांची उरलेल्या जागांशी गाठ घालून देण्याची सोय सुरू केली. ज्या विद्याशाखेने आपल्या दारातून बाहेर पडणाऱ्यांसाठी एवढा विचार केला, तिने आत येऊ पाहणाऱ्यांसाठी निदान प्रतीक्षायादीतला क्रमांक सांगावा. ‘तुम्ही यादीत आहात’ हे वाक्य तिसऱ्या क्रमांकाच्या आणि चाळिसाव्या क्रमांकाच्या माणसाला सारखेच लिहिले जाते आणि दोघेही त्यावर एप्रिलपर्यंत आपले आयुष्य अडकवून ठेवतात.

१५ एप्रिलविषयीही गैरसमज बरेच आहेत. कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या संस्थेच्या ठरावानुसार, त्यावर सही केलेली विद्यापीठे आर्थिक सहाय्याच्या ऑफरवर त्या तारखेपूर्वी उत्तर देण्याची सक्ती करू शकत नाहीत. हा ठराव आर्थिक सहाय्याच्या ऑफरपुरता आहे, पैशांशिवायच्या प्रवेशाला तो लागू होत नाही. युरोपातील विद्यापीठांना तर तो बंधनकारकच नाही. तिथल्या मास्टर्स अभ्यासक्रमांची अनामत भरण्याची मुदत अनेकदा अमेरिकेतील निकालांच्या आधी येते आणि ब्रिटनमध्ये प्रवेश एक समिती देते, तर शिष्यवृत्ती दुसरीच कोणीतरी ठरवते. अशा वेळी विभागाच्या कार्यालयाला स्पष्ट शब्दांत मुदतवाढ मागावी. पुष्कळदा ती मिळते.

२०२५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये संघीय निधीच्या अनिश्चिततेमुळे अमेरिकेतील काही विद्यापीठांनी पीएचडीचे प्रवेश कमी केले किंवा थांबवले, तेव्हा विभागांनाच आपल्याकडे किती पैसे आहेत हे माहीत नव्हते. त्या अडचणीची मला पूर्ण जाणीव आहे. पण ‘निधीचा निर्णय झालेला नाही, आम्ही अमुक तारखेपर्यंत कळवू’ हे लिहायला निधी लागत नाही.

हे सगळे विभागांना सुनावताना एक गोष्ट माझ्याकडून झाली ती लपवणे योग्य नाही. दोन वर्षे संशोधन साहाय्यक म्हणून काम केल्यावर मी पुन्हा अर्ज केले आणि त्या खेपेला माझ्या हातात फंडिंगसह दोन ऑफर होत्या. १० मार्चपर्यंत माझा निर्णय मनाशी झालेला होता. तरीही दुसरी ऑफर मी सोडली नाही. कारण सांगायचे तर भीतीखेरीज काही नव्हते: पहिल्या वर्षी हात रिकामा राहिला होता आणि आता भरलेला हात उघडायला मन तयार होत नव्हते. नियमाने मला १५ एप्रिलपर्यंत मुभा होती, म्हणून मी ती वापरत राहिले. एका संध्याकाळी माझ्याबरोबर काम करणारी मैत्रीण सांगत होती की ती एका वेटलिस्टवर आहे, दुसऱ्या एका ठिकाणच्या मास्टर्सची अनामत तिला चार दिवसांत भरायची आहे आणि ते पैसे परत मिळणार नाहीत. तिचा विभाग माझा नव्हता. पण मी अडवलेल्या जागेमागेही कोणीतरी असेच बसलेले असणार, हे तोपर्यंत माझ्या लक्षात आले नव्हते, असे म्हणणे खोटे ठरेल. लक्षात होते, मी ते बाजूला सारत होते.

त्याच रात्री मी त्या विभागाला चार ओळींचा नकार पाठवला. दुसऱ्या दिवशी प्रवेश समितीच्या प्रमुखांचे उत्तर आले. त्यांनी माझे आभार मानले होते आणि पुढे लिहिले होते, ‘यादीतील पुढच्या उमेदवाराला आम्ही आज सकाळीच कळवले आहे.’ तारीख २९ मार्च होती. ते पत्र १० मार्चलाही जाऊ शकले असते.