सहा वर्षं मी ढोल उशिरा वाजवत होते

टोकियोतल्या निशी-कासाईला राहायला आले त्याच्या दुसऱ्याच महिन्यात मी एका दहा-अकरा वर्षांच्या पोराकडून हरले. तेही ढोलात!

ढोल म्हणजे आपला नव्हे, ताइको. 'ताइको नो तात्सुजिन' हा नामकोचा गेम जपानच्या गेम सेंटरांमध्ये 2001पासून आहे. समोर खरोखरचे दोन मोठे ढोल, वर पडदा. पडद्यावर उजवीकडून लाल-निळे गोळे सरकत येतात आणि डावीकडच्या वर्तुळात पोचले की काठी मारायची. लाल आला की मधोमध, तो 'दों'. निळा आला की काठावर, तो 'का'. शंभर येनचं नाणं टाका आणि वाजवा.

पुण्यात सहा वर्षं पथकात काढलेली मी. कमरेला ढोल बांधून लक्ष्मी रोडला तासन्‌तास उभी राहिलेली. मला वाटलं, पोरांचं खेळणं आहे, यात काय! अवघडपणाच्या चार पायऱ्या असतात: कानतान, फुत्सू, मुझुकाशी, ओनी. ओनी म्हणजे राक्षस. मी थेट ओनी लावलं. शेजारच्या ढोलावर तो मुलगा आला, दप्तर खाली ठेवलं, कापडी पिशवीतून स्वतःच्या काठ्या काढल्या (हो, इथे लोक घरच्या काठ्या घेऊन येतात, 'माय-बाची' म्हणतात त्यांना) आणि मला हलकंसं वाकून नमस्कार केला. पुढची दोन-अडीच मिनिटं मी जे काही केलं त्याला वाजवणं म्हणवत नाही. तो मात्र मनगटातूनच वाजवत होता, खांदे जागचे हलत नव्हते. मागे बाकावर त्याची आई मोबाइल बघत बसलेली. तिला यात नवल काहीच नसावं.

मग मी पेटले. रोज ऑफिस सुटलं की गेम सेंटर. तेच गाणं, तेच ओनी. चार महिने! 'खेळत राहा, आपोआप हात बसतो' असं जो तो सांगतो ना, ते माझ्या बाबतीत तरी साफ खोटं ठरलं. हात बसला, पण चुकीचा बसला.

पहिली गोची सवयीची. आपल्या ढोलाला उजव्या हातात टिपरू आणि डाव्या हाताची थापी. प्रत्येक हाताचं काम ठरलेलं. ताइकोत तसं नाही. उजवा-डावा-उजवा-डावा हात चालत राहणार, मग दों येवो की का. मी सगळे 'का' डाव्या हाताने मारायला जायचे, त्यामुळे ओळीने तीन 'का' आले की डावा हात तिथेच गुंतून पडायचा.

दुसरी गोष्ट गोळ्यांच्या वेगाची. गाण्याचा वेग तोच ठेवून गोळे दुप्पट वेगाने सरकवायची सोय गेममध्ये आहे. मला वाटायचं, ते शहाण्या लोकांचं काम. प्रत्यक्षात वेग वाढवला की दोन गोळ्यांमधलं अंतरही वाढतं. आधी चिंचोके ओतल्यासारखे चिकटून येणारे गोळे सुटे सुटे दिसायला लागतात. हे कळायला मला चार महिने लागले, आणि त्या पोराने पहिल्याच मिनिटाला ते माझ्या शेजारी लावलेलं होतं.

पण खरा धडा वेगळाच होता. प्रत्येक ठोक्याला मशीन निकाल देतं: 良 म्हणजे उत्तम, 可 म्हणजे चालेल, 不可 म्हणजे नाही. (त्या 'चालेल'चा उच्चारही 'का'च. काठावरचा 'का' वेगळा, काठावर पास झाल्याचा 'का' वेगळा.) मुझुकाशी आणि ओनीत 'उत्तम'साठी नेमक्या क्षणाच्या अलीकडे-पलीकडे साधारण 25 मिलिसेकंदांची सवलत असते, 'चालेल'साठी साधारण 75. माझं सगळं 'चालेल'मध्ये. आणि 'चालेल'ने कॉम्बो, म्हणजे न चुकलेल्या ठोक्यांची साखळी, तुटत नाही, त्यामुळे एका सोप्या गाण्यावर मला एकही ठोका न चुकल्याचा सोनेरी मुकुटसुद्धा मिळाला. घरच्या ग्रुपवर फोटो टाकून मोकळी झाले.

ऑफिसमधल्या सेनपाईने, म्हणजे सीनियरने, एकदा मोबाइलवर स्लो मोशनमध्ये माझं शूटिंग घेतलं. बघितलं तर प्रत्येक गोळा वर्तुळ ओलांडून किंचित पुढे गेल्यावर माझी काठी पडत होती. प्रत्येक वेळी, तेवढाच उशीर. चूक वेडीवाकडी असती तर समजले असते, पण ही इतकी शिस्तीत होती की कुठेतरी शिकलेलीच असणार.

त्या रात्री बसून हिशेब केला. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. पथकात मी कायम मागच्या रांगेत. ताशा पुढे पंधरा मीटरवर. म्हणजे ताशाची तर्री माझ्या कानापर्यंत यायलाच 44 मिलिसेकंद. मी कानावर विसंबून, ताशाच्या मागोमाग वाजवायचे, आणि माझ्या आजूबाजूचे सगळेही तसेच. पन्नास ढोल एकदम घुमले की कोण कुणाच्या मागे आहे ते कुणाला कळतं? पथकात चूक झाकली जाते. मशीनपुढे झाकायला कुणी नाही.

मग मुकुटांचा नाद सोडला. ओनी बंद. दोन महिने फक्त मुझुकाशी, आणि शेवटी फक्त 'उत्तम' किती आले ते बघायचं. आमच्याकडे तबला शिकणारी पोरं महिनोन्‌महिने ठाय लयीतच घासतात, तसलंच कंटाळवाणं काम. घरी सरावाला टाताकोन, म्हणजे टीव्हीपुढे ठेवून वाजवायचा छोटा ढोल, आणला होता. पण आठवड्याभरात पत्रपेटीत 'संध्याकाळी आठनंतर ठोकाठोकी होते' अशी अत्यंत विनम्र चिठ्ठी आली. खाली गादी घातली, उशी घातली, शेवटी नुसत्या मांडीवर वाजवलं.

कुणी म्हणतं, गेमने संगीत येत नाही. नाही येत, मान्य. त्या लाल-निळ्या गोळ्यांतून मला एकही नवा ताल मिळालेला नाही. पण ठोका ऐकून मारणं आणि ठोक्याच्या वेळेला काठी तिथे हजर असणं यातला फरक मला सहा वर्षांत एकाही माणसाने दाखवला नव्हता. तो फरक दाखवायला शंभर-शंभर येन खाणारं मशीन लागलं.

यंदा गणपतीआधी सुट्टी काढून पुण्याला गेले. नदीपात्रात सराव चालू होता. ढोल बांधला, नेहमीच्या मागच्या रांगेत उभी राहिले आणि कानाऐवजी पुढे ताशावाल्या दादाच्या हाताकडे बघून वाजवायला लागले. अगदी नेमक्या वेळेला. पहिला हात, म्हणजे पहिलाच ताल, संपायच्या आत दादा मागे वळून ओरडला, "अगं, पळतेयस कुठे? सगळ्यांबरोबर ये की!"

आले मग सगळ्यांबरोबर.