चाळणी वेगळीच लागेल, ताई

नमस्कार ताई, दोन स्टार दिलेत ते दिलेत, पण एवढं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल थँक्यू, नाहीतर लोक नुसतं 'बकवास' टाकून मोकळे होतात आणि आम्ही बसतो अंदाज बांधत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की आमच्या ग्लूटेन-फ्री, म्हणजे गहू-बार्लीतलं ग्लूटेन नावाचं प्रोटीन टाळून करायच्या, रोजच्या स्वयंपाकाच्या ऑनलाइन कोर्समधला ब्रेड दगडासारखा झाला, ओट्सची एकही रेसिपी नाही, चाळणी-लाटणं-टोस्टर वेगळं ठेवा हा उगाच केलेला बाऊ आहे, आणि एवढं करून वजन काही हललं नाही.

आधी ब्रेड. तुम्हीच लिहिलंय की इसबगोल घरात नव्हतं म्हणून वगळलं, पिठं कपाने मोजली आणि मिश्रण सैल वाटलं म्हणून वरून अजून पीठ घातलं. अहो मग राहिलं काय? गव्हाच्या कणकेत ग्लूटेनची जाळी तयार होते, ती यीस्टचा गॅस धरून ठेवते म्हणून ब्रेड फुगतो. तांदूळ-ज्वारीच्या पिठात ती जाळी नाहीच, तिचं काम इसबगोलाचा भुसा करतो, पाण्यात कालवून १० मिनिटं ठेवला की चमच्यावरून लोंबणारी जेली होते आणि मगच पीठ घालायचं. ते काढून टाकल्यावर यीस्ट कितीही ताजं असलं तरी गॅस निघून जाणार. आणि एक कप तांदळाचं पीठ न् एक कप टॅपिओका स्टार्च वजनाला सारखे नसतात, त्यात कोणी दाबून भरतं कोणी सैल, म्हणून रेसिपी ग्रॅममध्ये दिलीये. मिश्रण सैलच असतं, हाताने मळता येत नाही, चमच्यानेच टिनमध्ये घालायचं. आणि पूर्ण गार झाल्याशिवाय सुरी लावू नका, आतला स्टार्च गार होतानाच सेट होतो, गरम कापला की मधे चिकट लागणारच.

ओट्स मुद्दामच घेतलेले नाहीत. शेतापासून गिरणीपर्यंत ते गहू-बार्लीच्या संगतीत फिरतात, त्यामुळे साध्या पाकिटाचा भरवसा नाही. पाकिटावर ग्लूटेन-फ्री लिहिलेले मिळतात, पण सिलिअॅक (ग्लूटेनमुळे लहान आतड्याला इजा होणारा आजार) असलेल्या थोड्या लोकांना ओट्समधलं स्वतःचं प्रोटीनही सोसत नाही. तुम्हाला सोसत असतील तर ते ग्लूटेन-फ्री लिहिलेले खुशाल खा. तुम्ही खपलीची पोळीही मागितलीये, ती मात्र नाही जमणार कारण खपली हा गहूच आहे, रवाही गव्हाचाच, आणि सोया सॉसमध्येसुद्धा बहुतेक वेळा गहू असतो, लेबल वाचा.

आता चाळणी. यावर मी एक इंचही मागे हटणार नाहीये. ग्लूटेन-फ्री म्हणून विकायच्या पदार्थाला कोडेक्स या अन्नाची मानकं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेची मर्यादा आहे किलोमागे २० मिलिग्रॅम ग्लूटेन, म्हणजे डोळ्याला दिसणारही नाही एवढं. तुमची रोजची धुतलेली चाळणी जरा उजेडात धरून बघा, जाळी जिथे कडेत दुमडलेली असते तिथे पांढरट रेघ दिसेल, ते जुनं पीठ असतं आणि ब्रशनेही पूर्ण निघत नाही. लाकडी लाटण्याच्या भेगांचं तेच, टोस्टरमधल्या चुऱ्याचं तेच, ब्रेडक्रम्स लावलेलं काही तळलेल्या तेलाचंही तेच. आमच्याकडे शिकणाऱ्यांत सिलिअॅकवाले बरेच आहेत, त्यांच्या शरीराची प्रतिकारशक्ती ग्लूटेनमुळे स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते, आणि गंमत म्हणजे (गंमत कसली) काहींना बाहेरून काहीच जाणवत नाही, आतून मात्र नुकसान चालूच असतं, त्यामुळे 'एकदा खाल्लं, काही झालं नाही' याला अर्थ नाही. तुम्ही 'हल्लीचं फॅड' लिहिलंय, तर विलेम डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञांनी गव्हाचा आणि या आजाराचा संबंध १९५० च्या प्रबंधातच मांडलाय.

वजनाचं आम्ही कुठेच प्रॉमिस केलेलं नाही. उलट पहिल्याच धड्यात सांगतो की पाकिटातली ग्लूटेन-फ्री बिस्किटं-केक म्हणजे बऱ्याचदा स्टार्च, साखर, फॅट, आणि फायबर जेमतेम. म्हणून स्नॅक्समध्ये भाजलेले चणे, उकडलेलं अंडं, शेंगदाणे, फळं, मक्याच्या लाह्या असलं साधंच ठेवलंय. तुम्हाला ते बोअरिंग वाटलं, वाटू दे.

पण तुमच्या रिव्ह्यूतल्या शेवटच्या ओळीने मी थबकले. मुलाचं पोट सारखं दुखतं म्हणून टेस्ट न करता घरातल्या सगळ्यांचाच गहू बंद केलाय. ताई, ब्रेड राहू दे बाजूला, आधी डॉक्टरांकडे जा. सिलिअॅकची रक्ताची टेस्ट गहू खाणं चालू असतानाच करायची असते, बंद केल्यावर अँटीबॉडी कमी होत जातात आणि आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. कधीपासून बंद आहे ते त्यांना नीट सांगा, परत सुरू करायचं का, किती, किती दिवस, हे तेच ठरवतील, स्वतःच्या मनाने नको. आणि पोटदुखीची दुसरीही ढीगभर कारणं असतात.

ब्रेड परत कराल तेव्हा इसबगोलाची जेली झाली की लगेच फोटो पाठवा, कोर्सच्या ग्रुपवर मी रोज संध्याकाळी असते, पीठ घालायच्या आधीच सांगते बरोबर आहे की नाही.