हरवलेली विमाने शोधून मिळतील

जावयाला नाही म्हणायचं नसतं, असं ज्या कुणा शहाण्याने ठरवलं, त्याला एकदा ऑगस्टच्या उन्हात मिशिगनमधल्या मक्याच्या शेतात सोडायला हवं. मका डोक्याच्या वर हातभर गेलेला, चारी दिशा एकसारख्या, पानांनी कान सोलून निघालेले, आणि लांबून कुठून तरी आपला जावई अत्यंत आदराने ओरडतोय, "बाबा, जरा डावीकडे! तुमच्या डावीकडे, माझ्या नाही!"

आम्ही उभयता मे महिन्यात लेकीकडे आलो होतो, सहा महिन्यांच्या बेताने. मॉल बघून झाले, देऊळ झालं, नायगारा झाला. मंडळाच्या कार्यक्रमात बटाटेवडे खाताना 'भारतात काय म्हणतंय' या प्रश्नाला उत्तरं देऊन झाली. मग एका शनिवारी जावई म्हणाले, "बाबा, घरात कंटाळला असाल. आमच्या क्लबला येता? आम्ही जुनी विमानं उडवतो, रेडिओवरची."

"पडतात का हो?" सौ.ने विचारलं.

"क्वचित," जावई म्हणाले.

मी बँकेत वसुलीला होतो. 'हप्ता क्वचितच चुकतो' म्हणणारे माझे सगळे खातेदार डोळ्यांपुढून गेले. पण जावई पडले. निघालो.

क्लबचं मैदान अ‍ॅन आर्बरच्या पुढे, शेतांच्या मधोमध. कापलेल्या गवताचा एक पट्टा, एक शेड, चार बाकं. सभासदांत सेहेचाळीस वर्षांचे आमचे जावई म्हणजे पोरगेलं वय. बाकी सगळे पंचाहत्तरीच्या अलीकडे-पलीकडे. बाकावर बसलो आणि पाचव्या मिनिटाला माझ्या लक्षात आलं की हा आपला सोसायटीतला सकाळचा कट्टाच आहे. तेच गुडघे, तोच बायपास, तीच 'अमुक गेला, कळलं का?' फक्त प्रत्येकाच्या मांडीवर एकेक विमान.

विमानं मात्र देखणी, हे कबूल करायला हवं. आराखडे पन्नास-साठच्या दशकांतले. सांगाडा बाल्सा लाकडाचा. हे लाकूड इक्वेडोरहून येतं आणि हातात घेतलं तरी घेतल्यासारखं वाटत नाही. त्यावर खरं रेशीम ताणून बसवायचं आणि डोप नावाच्या लाखेचे हात द्यायचे. हे काम घरी बेसमेंटमध्ये चालतं. त्या वासाने डोकं गरगरतं म्हणून लेकीने नवऱ्याला गॅरेजमध्ये हलवला, आणि गाडी बाहेर बर्फात गेली.

या छंदाचं मूळपीठही तिथून तासा-दीड तासावर. कॅलमझू गावात वॉल्टर आणि विल्यम गुड हे जुळे भाऊ कॉलेजात शिकत होते. वॉल्टरला विमानं बांधायचा नाद, विल्यमला रेडिओचा. १९३७ साली दोघांनी मिळून 'गफ' नावाचं आठ फुटी पंखांचं विमान जमिनीवरून रेडिओने चालवून दाखवलं. ते आज स्मिथसोनियनच्या हवाई संग्रहालयात आहे. ही माहिती मला एका आजोबांनी टोपी काढून सांगितली. मला स्वतःला चमत्कार वाटतो तो पुढचाच: ते विमान सध्या कुठे आहे, हे लोकांना माहीत आहे.

कारण बाकीच्यांचं तसं नसतं, आणि याला यंत्रणाच जबाबदार आहे. आज दुकानातला साधा ड्रोन आणलात तर तो बोट सोडलं की हवेत आहे तिथे थांबतो, बोलावला की परत येतो. क्लबातल्या कट्टर मंडळींना असल्या आज्ञाधारकपणाचा तिटकारा. त्यांचा ट्रान्समीटर म्हणजे गवतावर ठेवलेला पत्र्याचा डबा, त्याला उंच अँटेना, आणि वायरच्या टोकाला बटण. एक. विमानाच्या पोटात नाकापासून शेपटीपर्यंत रबरबँड पिळून बसवलेला असतो आणि त्याच्या टोकाला एस्केपमेंट नावाचं चिमुकलं चक्र. बटण दाबून धरलं की त्या पिळाच्या जोरावर शेपटीचा रडर, म्हणजे विमान वळवणारी फळी, उजवीकडे, सोडलं की सरळ, पुन्हा दाबलं की डावीकडे. वर-खाली करायची सोयच नाही. लागोपाठ दोनदा उजवीकडे वळायचं असेल तर मधलं डावं वळण बटण टिचकावून वाया घालवायचं. थोडक्यात, मागचं वळण कुठलं होतं ते लक्षात ठेवावं लागतं. मला सकाळी बीपीची गोळी घेतली की नाही ते दहा वाजता आठवत नाही. इथे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे गृहस्थ बटणावर अंगठा ठेवून, आभाळाकडे बघत शेजाऱ्याला विचारतात, "आत्ता मी उजवं घेतलं का रे?" शेजाऱ्याचं ऐकण्याचं यंत्र गाडीत राहिलेलं असतं.

बरं, इंजिनाचा वेग कमी करायचीही सोय नाही. एकदा सुरू झालं की टाकी संपेपर्यंत ते ऐकत नाही. आणि प्रत्येक वळणाला रबराचा पीळ थोडा उलगडतो. टाकीच्या आधी पीळ संपला, तर विमान जिकडे निघालंय तिकडे निघालं.

इंजिन सुरू होताना विमानाची शेपूट धरून बसायला कुणीतरी लागतं. हे 'कुणीतरी' म्हणजे मी. इंधन म्हणजे मेथॅनॉल, थोडं नायट्रोमिथेन आणि एरंडेल. होय, आपलं एरंडेल! जगात सगळ्यात जास्त एरंडेल भारत काढतो. लहानपणी आजी दर महिन्याला नाक दाबून पाजायची आणि मी ते पळून जाऊन टाळायचो. तेच आता सत्तरीत, अमेरिकेत, धुराबरोबर भस्सकन तोंडावर आलं. धोतर असतं तर निभावलं असतं. पँट नवी होती.

सरकारही मागे नाही. अडीचशे ग्रॅमच्या वर वजन असलं की नोंदणी, पाच डॉलरला तीन वर्षांची, आणि नंबर विमानाच्या अंगावर बाहेरून दिसेल असा लिहायचा. १९५५च्या आराखड्याचं रेशमी विमान, आणि त्याच्या कुशीला केवायसी. या एका बाबतीत मला तिथे अगदी बँकेत असल्यासारखं सुरक्षित वाटलं.

मुख्य कार्यक्रम विमान पडल्यावर सुरू होतो. आधी सगळे मिळून "ओऽऽऽ" करतात. मग कारणमीमांसा. बॅटरी, वारा, रबर, व्हॉल्व्ह. चालवणाऱ्याचं नाव कुणी घेत नाही. या सौजन्याला माझा सलाम आहे. मग पाचही जण पाच दिशांना ठाम बोट दाखवतात आणि मला म्हणतात, तिकडे बघ.

मीच का, तर दोष माझ्याच जिभेचा. पहिल्याच दिवशी गप्पांत बोलून गेलो की मी कृष्णाकाठचा, उसात वाढलेला. उसाच्या पानापुढे तुमचा मका म्हणजे मखमल! झालं. जावयांनी इंग्रजीत भाषांतर करताना त्यात स्वतःची भर घातली असावी, कारण पुढच्या शनिवारी माझ्यासाठी शिट्टी, पाण्याची बाटली आणि भगव्याच्या जवळपास जाणारी टोपी तयार होती. मीही थोडा रंगात आलो, खोटं कशाला बोलू. आडवं घुसायचं नाही, सरीने चालायचं. दोघांनी दोन टोकांना उभं राहून बोट दाखवायचं आणि दोन्ही रेषा मिळतील तिथे बघायचं. खाली नाही, तुऱ्याकडे बघायचं, मोडलेला तुरा लगेच दिसतो. म्हातारे मान डोलवायचे. एकाने वहीत लिहून घेतलं.

मी एकदा सुचवलं की विमानात पीं-पीं करणारा छोटा भोंगा ठेवा, बाजारात मिळतो. शेडमध्ये शांतता पसरली. मग वहीवाले आजोबा समजुतीने म्हणाले, "१९५५ साली भोंगा नव्हता." मला म्हणायचं होतं की १९५५ साली मीही नव्हतो, पण जावई बघत होते.

ऑगस्टमध्ये जावयांचं लाल विमान गेलं. अख्ख्या हिवाळ्याचं काम. पीळ संपला आणि ते शांतपणे मक्यावरून दूर जात राहिलं. मी शिट्टी घेऊन शिरलो. तासाभराने शेताच्या पलीकडच्या झाडांच्या रांगेत झुडपात पंख दिसला. ओढून काढला तर निळा! अंगावर नंबर कुणाचा तरी. शेपूट उंदरांनी खाल्लेली. वहीवाल्या आजोबांचं निघालं, गेल्या वर्षी हरवलेलं. त्यांनी मला मिठी मारली, कुणीतरी केक आणला, फोटो निघाले. लाल विमानाची आठवण त्या समारंभात कुणालाच राहिली नाही. जावई टाळ्या वाजवत होते, पण एका हाताने वाजवल्यासारख्या.

ऑक्टोबरात मका कापला तेव्हा शेतकरी स्वतः शेडवर आला. हातात काळी कचऱ्याची पिशवी. कापणीयंत्राने लाल विमान शोधून दिलं होतं, साधारण दाण्यांच्या आकारात. जावयांनी पिशवी दोन्ही हातांनी घेतली. वातावरण जरा हलकं करावं म्हणून मी म्हटलं, "काळजी करू नका, पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा येतोच आहोत."

म्हातारे एकमेकांकडे बघायला लागले. शेतकऱ्याने घसा साफ केला. पुढच्या वर्षी या रानात सोयाबीन आहे, म्हणाला. कमरेएवढं. त्यात पडलेलं विमान बाकावर बसून दिसतं.

"त्याच्या पुढच्या वर्षी मात्र नक्की मका," वहीवाल्यांनी मला धीर दिला.

गाडीत जावई बराच वेळ रस्ता बघत होते. मग अत्यंत आदराने म्हणाले, "बाबा, तिकिटांची घाई करू नका. आरामात या."

घरी येऊन सौ.ला सांगितलं. ती बॅगा भरत होती. म्हणाली, "मग सोयाबीनच्या वर्षी धाकट्याकडे बेंगळुरूला जाऊ. तो काही उडवत नाही."