पैसे पोरांना द्या, पण ईर्षा विकू नका

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचं आता वाटोळं झालं, खेळाडूंना पैसे मिळायला लागले आणि सगळं संपलं, असं आमच्याकडे हल्ली ऑफिसात, पार्किंगमध्ये, पोरांच्या वाढदिवसालासुद्धा ऐकू येतं. मला हे अजिबात पटत नाही. मी मिशिगन विद्यापीठाच्या टीमची, वूल्वरिन्सची, २००७ पासूनची चाहती आहे. पोरांना पैसे मिळाले ते बरंच झालं, उलट फार उशीर झाला. बिघडलंय ते वेगळंच काहीतरी. ते सांगायचं तर जरा मागून यावं लागेल, म्हणून पोस्ट लांबणार आहे.

ज्यांनी कधी बघितलं नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते: चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर बॉल समोरच्यांचा. बाकीचं बघता बघता कळतं. खेळणारी सगळी विद्यापीठात शिकणारी पोरं, चार-पाच वर्षं खेळणार आणि जाणार. सामने शनिवारी. मिशिगनचं मैदान ॲन आर्बर गावात आहे, त्याला सगळे 'बिग हाऊस' म्हणतात. १९२७ साली बांधलेलं, अधिकृत क्षमता १,०७,६०१. मैदानाचा बराचसा भाग जमिनीत खोदलेला असल्यामुळे रस्त्यावरून त्याचा अंदाज येत नाही. दारातून आत शिरलं की पायाखाली पायऱ्याच पायऱ्या, आणि त्या पायऱ्यांवर सगळीकडे निळ्या-पिवळ्या कपड्यांतली माणसं.

मी कोल्हापूरची. एम.एस.साठी ऑगस्ट २००७ मध्ये ॲन आर्बरला आले आणि १ सप्टेंबरला पहिला सामना बघितला. समोर अ‍ॅपलेशियन स्टेट, खालच्या गटातली टीम. मिशिगन देशात पाचव्या क्रमांकावर. आमच्या सीनियर्सनी सांगितलं होतं, सोपा सामना आहे, नियम शिकायला बरा पडेल. ज्यांना हा खेळ माहीत आहे त्यांना पुढचं पाठ असेल. ३४-३२. शेवटच्या क्षणी मिशिगनने फील्ड गोल मारला असता, म्हणजे लाथेनं बॉल खांबांच्या मधून पाठवला असता, तर जिंकलो असतो, पण तो समोरच्यांनी हातानं अडवला. नियम मला अर्धेच कळत होते. पण लाखावर माणसं एका क्षणात गप्प झाली, आणि शेजारचा अनोळखी पोरगा बाकावर खाली बसून डोकं हातात धरून राहिला, हे मला पुरतं ओळखीचं होतं. आमच्या कोल्हापुरात पेठापेठांच्या आपल्या नेहमीच्या फुटबॉलच्या टीम असतात; राजर्षी शाहू स्टेडियमवर सडनडेथमध्ये हरलेली पेठ मी लहानपणी बाबांच्या शेजारी बसून बघितलेली आहे.

पुढच्याच शनिवारी ओरेगॉनने ३९-७ असं धुतलं. तरीही स्टँड भरलेला होता, आणि मी त्या दिवशी ठरवलं की ही माझी टीम. त्या टीममध्ये चॅड हेनी, माईक हार्ट आणि जेक लाँग होते. तिघांनाही आदल्या वर्षीच व्यावसायिक लीगमध्ये जाता आलं असतं, पण ते शेवटच्या वर्षासाठी मागे थांबले होते. शेजारच्या राज्यातल्या ओहायो स्टेटला, म्हणजे आमच्या सख्ख्या वैऱ्यांना, ते शेवटपर्यंत हरवू शकले नाहीत. पण १ जानेवारी २००८ ला, कोच लॉइड कार यांच्या शेवटच्या सामन्यात, त्यांनी टिम टीबो या गाजलेल्या खेळाडूच्या फ्लोरिडाला ४१-३५ असं हरवलं आणि कोचला खांद्यावर घेतलं. सप्टेंबरमध्ये ज्यांच्यावर सगळा देश हसला होता त्यांनी जानेवारीत असं करावं, याचं मला आजही फार मोल वाटतं.

त्यानंतरची वर्षं वाईट होती. २००८ मध्ये ३-९, आणि सलग ३३ वर्षं मोसमानंतर बोल सामना (चांगल्या टीमना मिळणारा मानाचा जादा सामना) खेळण्याची परंपरा तुटली. त्याच काळात मिशिगन राज्यही बुडत होतं. २००९ च्या एप्रिलमध्ये क्रायस्लरने आणि जूनमध्ये जनरल मोटर्सने दिवाळखोरी जाहीर केली. मी नुकतीच पदवी घेऊन बाहेर पडले होते आणि जिथे अर्ज करावा तिथे भरती बंद. आमच्या बिल्डिंगमधली माणसं सामान बांधून टेक्सासला निघाली होती. अशा दिवसांत शनिवारी दुपारी चार तास लाखभर माणसांबरोबर एकाच गोष्टीसाठी ओरडता येणं किती मोठं असतं, हे ज्यानं अनुभवलंय त्यालाच कळेल. आणि मग आला डेनार्ड रॉबिन्सन. बुटाच्या नाड्या न बांधता पळणारा क्वार्टरबॅक, म्हणजे टीमचा पास देणारा मुख्य खेळाडू. २०१० मध्ये नोत्र दाम विद्यापीठाविरुद्ध त्यानं एकट्यानं ५०२ यार्ड काढले, त्यातले २५८ पळून. टीम तेव्हाही फार चांगली नव्हतीच, पण बॉल त्याच्या हातात आला की सगळं स्टेडियम आपोआप उभं राहायचं.

२०११ मध्ये बाबा आले होते. १० सप्टेंबरला बिग हाऊसमधला इतिहासातला पहिला रात्रीचा सामना, पुन्हा नोत्र दामशीच. १,१४,८०४ प्रेक्षक. बाबांना मी नियम समजावत होते, त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. समोरच्या कोपऱ्यातल्या सोनेरी-हिरव्या घोळक्याकडे बघत त्यांनी विचारलं, "समोरच्यांची पेठ कुठली गं?"

"बाबा, ते साउथ बेंडचे. इंडियाना राज्यातले."

"लांब आहे?"

"गाडीनं तीनेक तास."

"मग पेठच की."

त्या रात्री चारपैकी तीन क्वार्टर संपले तेव्हा आम्ही २४-७ ने मागे होतो. शेवटच्या सव्वा मिनिटात तीनदा आघाडी बदलली. दोन सेकंद राहिले असताना डेनार्डनं रॉय राउंडट्रीला पास दिला आणि ३५-३१. बाबा, आयुष्यभर कोल्हापूरच्या पाटाकडील टीमसाठी घसा बसवलेला माणूस, एका अनोळखी गोऱ्या आजोबांच्या गळ्यात पडून नाचत होते. परतताना गाडीत ते खरंच बोलू शकत नव्हते, आवाजच गेला होता.

बाबांचा तो प्रश्न माझ्या डोक्यातून कधी गेला नाही, कारण हा खेळ नेमका त्यावरच उभा आहे. समोरच्यांची पेठ कुठली? शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ यांच्यात जी ईर्षा असते, ती शेजारी राहिल्यामुळे असते. एकाच बाजारात भेटायचं, एकमेकांच्या घरी सोयरिकी करायच्या, आणि सामन्याच्या दिवशी तोंड बघायचं नाही. इथेही तसंच. नोत्र दामला हा खेळ शिकवला कुणी? १८८७ साली तिथे जाऊन मिशिगनच्या पोरांनी. मिनेसोटाबरोबर आमची 'लिटल ब्राऊन जग' नावाची ट्रॉफी आहे. ती म्हणजे पाण्याचा एक साधा मातीचा बुधला. १९०३ मध्ये आमचा कोच योस्ट मिनेसोटाला गेला तेव्हा तिथल्या पाण्यावर भरवसा नको म्हणून तो विकत घेतला. सामना ६-६ असा बरोबरीत सुटला, गडबडीत बुधला तिथेच राहिला आणि त्यांनी सांगितलं, हवा असेल तर जिंकून न्या. तेव्हापासून त्या बुधल्यासाठी खेळतात.

आणि ओहायो स्टेट. त्यांच्याविषयी मी तटस्थपणे लिहू शकत नाही, आणि लिहावं असं मला वाटतही नाही. दोन राज्यांचं भांडण फुटबॉलपेक्षा जुनं आहे, १८३५ मध्ये टोलीडोच्या पट्ट्यावरून दोन्हीकडचं लष्कर सीमेवर जमलं होतं. सामन्याच्या आठवड्यात त्यांच्या कॅम्पसवरच्या पाट्यांवरचं प्रत्येक 'एम' अक्षर लाल पट्टीनं झाकतात. २०१२ ते २०१९ आम्ही सलग आठ वेळा त्यांच्याकडून हरलो. २०१६ मध्ये दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये चौथ्या प्रयत्नाला त्यांचा खेळाडू दहा यार्डांच्या रेषेपर्यंत पोहोचला की नाही, यावर आजही मिशिगनमध्ये जेवणं थंड होतात. तो पोहोचला नव्हता. २०१८ मध्ये त्यांनी आमच्यावर ६२ गुण चढवले. माझ्या शेजारच्या सीटवरचे आजोबा १९६९ चा सामना विद्यार्थी म्हणून बघितलेले, आमचे कोच बो शेम्बेक्लर यांच्या पहिल्याच वर्षीचा, मिशिगननं २४-१२ जिंकलेला. प्रत्येक पराभवानंतर ते तोच सामना पहिल्यापासून सांगायचे आणि मी प्रत्येक वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखा ऐकायचे.

मग २७ नोव्हेंबर २०२१. बर्फ पडत होता. हसन हास्किन्सनं पाच टचडाउन केले, म्हणजे पाच वेळा बॉल त्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेला, एडन हचिन्सननं त्यांच्या क्वार्टरबॅकला तीनदा जमिनीवर आणलं. या एडनचे वडीलसुद्धा मिशिगनकडूनच खेळलेले. ४२-२७. माणसं कठड्यावरून मैदानात उतरली. आजोबांना पायऱ्या उतरवत नव्हत्या, म्हणून मीही वरच थांबले. आम्ही दोघं काहीच न बोलता खालचा तो पिवळा-निळा समुद्र बघत रडत होतो.

२०२३ च्या मोसमाबद्दल प्रामाणिकपणे सगळंच सांगितलं पाहिजे. समोरच्या टीमचे कोच खेळाडूंना करतात त्या खुणा चोरण्याचं प्रकरण त्याच वर्षी बाहेर आलं, कोच जिम हार्बॉ यांना शेवटच्या तीन साखळी सामन्यांना मैदानावर यायला बंदी झाली. नियम मोडला तर शिक्षा व्हायलाच हवी, आपली टीम आहे म्हणून मी वेगळं म्हणणार नाही. पण त्या पोरांनी कोचशिवाय ओहायो स्टेटला ३०-२४ असं हरवलं, रोझ बोलमध्ये, म्हणजे उपांत्य सामन्यात, अलाबामाला ओव्हरटाइममध्ये २७-२० आणि ८ जानेवारी २०२४ ला ह्यूस्टनमध्ये वॉशिंग्टनला ३४-१३. पंधरा सामने, पंधरा विजय. १९९७ नंतरचं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद.

त्या टीमचा जीव होता ब्लेक कोरम, आणि पैशांचा मुद्दा मला त्याच्यावरूनच सांगायचाय. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींचे पैसे कमवायला परवानगी मिळाली. कोरमनं त्यातल्या पैशांतून शेजारच्या इप्सिलँटी गावात थँक्सगिव्हिंगला गरजू घरांना टर्की वाटल्या. २०२२ मध्ये आदल्या दिवशी सामन्यात गुडघा दुखावलेला असतानाही तो वाटायला गेला. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर तो व्यावसायिक लीगमध्ये न जाता परत आला आणि २०२३ मध्ये पळून २७ टचडाउन केले. पैशानं निष्ठा संपते म्हणणाऱ्यांनी मला याचं उत्तर द्यावं. लाखभर लोक तिकीट काढून येतात, कोचला वर्षाला लाखो डॉलर मिळतात, टीव्हीवाले अब्जावधी मोजतात, आणि ज्याचा गुडघा जातो त्याला फक्त फी माफ? हे वर्षानुवर्षं चाललं होतं आणि ते अन्यायाचं होतं. हार्बॉ स्वतः जाहीरपणे म्हणत होते की खेळाडूंना उत्पन्नाचा वाटा द्या. २०२५ पासून विद्यापीठं थेट पैसे देऊ लागली आहेत. मी त्या बाजूनं आहे, पूर्ण.

माझा राग आहे तो पेठा मोडल्याचा. विद्यापीठं गटागटांत खेळतात, आमचा गट बिग टेन; २०२२ मध्ये या गटानं टीव्हीशी सात वर्षांचा, सात अब्ज डॉलरच्या वरचा करार केला. २०२४ मध्ये लॉस एंजेलिसच्या दोन टीम, ओरेगॉन आणि वॉशिंग्टन आमच्या गटात आल्या. नाव बिग टेन, टीम अठरा. पॅसिफिक किनाऱ्यावरचा शंभरेक वर्षांचा जुना गट त्यात फुटला. वॉशिंग्टन स्टेट आणि ओरेगॉन स्टेट यांना कुणी घेतलंच नाही. १९०२ च्या पहिल्यावहिल्या रोझ बोलमध्ये मिशिगननं ज्यांना ४९-० हरवलं, ते कॅलिफोर्नियातलं स्टॅनफर्ड आता 'अटलांटिक कोस्ट' नावाच्या गटात खेळतं. ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेट, एकाच राज्यातले सख्खे शेजारी, २०२३ नंतर एकमेकांशी खेळलेले नाहीत. तो बुधल्याचा सामना आता दरवर्षी होत नाही. नोत्र दामशी आमचा शेवटचा सामना २०१९ मध्ये झाला. तीन तासांवरच्या माणसाशी खेळायला वेळ नाही आणि दोन हजार मैलांवर विमानानं जायला आहे. मंगळवारी सकाळी ज्यांना वर्गात बसायचंय त्या पोरांचाही कुणी विचार केलेला नाही, आणि गाडी काढून बाहेरगावचा सामना बघायला जाणाऱ्या प्रेक्षकांचाही नाही.

हे पैसे पोरांना देण्यासाठी करावं लागलं, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. करार आधी झाला, खेळाडूंना वाटा मिळाला तो कोर्टकचेऱ्या झाल्यावर. प्रत्येक विद्यापीठाचे दोन-तीन जुने, जवळचे सामने दरवर्षी व्हायलाच हवेत, गट कुठलाही असो. वेळापत्रक तिथून सुरू करा, मग उरलेल्या शनिवारी टीव्हीला हवं ते करा. २०२४ मध्ये आमची टीम सामान्य होती, कुणी आम्हाला मोजत नव्हतं, आणि कोलंबसला जाऊन आम्ही बलाढ्य ओहायो स्टेटला १३-१० हरवलं. मोसमाचं काहीही झालेलं असो, त्या एका शनिवारसाठी लोक बर्फातून येतात. असा सामना पैसे ओतून नवा तयार करता येत नाही.

यंदा कोल्हापूर-सांगलीकडून किंवा कुठूनही कुणी ॲन आर्बरला शिकायला आलं असेल तर मला मेसेज करा. विद्यार्थ्यांची तिकिटं लवकर घ्या, थर्मल घ्या, आणि खिशात किल्ल्यांचा जुडगा असू द्या, मोक्याच्या क्षणी सगळं स्टेडियम किल्ल्या वाजवतं. सामन्याआधी आम्ही शेजारच्या शाळेच्या पार्किंगमध्ये असतो, मिसळ असते. ओहायो स्टेटवाल्यांनाही खायला घालतो, फक्त त्यांना कट आम्ही जरा जास्तच ओततो. गो ब्लू!